‘यावे’ : एकाच स्पॅनिश नामाचे अनेक अर्थ कसे ओळखावेत

मेक्सिकोतील एखाद्या घरी ‘सिएर्रा ला यावे’ अशी सूचना कानावर आली, तर नळ बंद करायचा असतो. तीच सूचना ‘सिएर्रा कोन यावे’ अशी आली, तर दाराला कुलूप लावायचे असते. दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे आणि नामही एकच आहे, तरीही पहिल्या वाक्यातील ‘यावे’ म्हणजे नळ आणि दुसऱ्या वाक्यातील ‘यावे’ म्हणजे किल्ली. हा फरक मधल्या छोट्या शब्दाने घडवून आणला आहे. ‘ला’ हे उपपद, म्हणजे इंग्रजीतील ‘द’सारखा शब्द, आले की ‘यावे’ हीच बंद करायची वस्तू ठरते, आणि ‘च्या साहाय्याने’ असा अर्थ देणारे ‘कोन’ हे अव्यय आले की ‘यावे’ हे बंद करण्याचे साधन ठरते.

स्पॅनिश शिकणाऱ्याने या शब्दासाठी कोश उघडला की किल्ली, नळ, पाना, कुस्तीतील पकड, महिरपी कंस, वाद्यावरील कळ अशी लांबलचक यादी समोर येते आणि ती पाठ करण्याचा मोह होतो. हा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाठ केलेली यादी वाक्य वाचताना उपयोगी पडत नाही. त्या वेळी एवढेच ठरवायचे असते की यादीतील कोणता अर्थ समोरच्या वाक्यात बसतो. हे ठरवण्यासाठी आधी क्रियापद पाहावे, मग ‘यावे’नंतर ‘चा-ची-चे’ असा अर्थ देणाऱ्या ‘दे’ने जोडलेले शब्द पाहावेत, आणि एवढ्यानेही निर्णय झाला नाही तर बोलणारा कोणत्या देशाचा आहे याचा विचार करावा. हा क्रम सहसा उलटा करू नये.

शब्दाचे रूप आणि उच्चार

मराठी डोळ्यांना हा शब्द पाहुण्यांचे आदराने स्वागत करणारा वाटेल, परंतु ते केवळ योगायोगाचे साम्य आहे. स्पॅनिश लेखनात या शब्दाच्या आरंभी ‘एल’ हे अक्षर दोनदा लिहिले जाते आणि त्या जोडीचा उच्चार बहुतेक देशांत ‘य’ आणि ‘ज’ यांच्या मधला होतो. ब्वेनोस आयरेस आणि मोन्तेविदेओ या शहरांत मात्र हाच शब्द ‘शावे’ असा ऐकू येतो, आणि अँडीज पर्वतरांगेतील काही भागांत तसेच पॅराग्वेमध्ये ‘ल्यावे’ हा जुना उच्चार अजून टिकून आहे. त्यामुळे अर्जेंटिनाच्या मालिकेत ‘शावे’ ऐकल्यावर नवा शब्द समजून कोश धुंडाळण्याची गरज नाही.

छापील कोश वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन ‘एल’ची ही जोडी पूर्वी स्वतंत्र अक्षर मानली जात असे आणि ‘एल’चा विभाग संपल्यानंतर तिचा वेगळा विभाग येत असे. स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी १९९४ मध्ये ही मांडणी सोडून दिली आणि २०१० च्या लेखननियमांत या जोडीला वर्णमालेतूनही वगळले. याचाच अर्थ असा की जुन्या कोशात ‘यावे’ एका ठिकाणी सापडेल, तर नव्या कोशात दुसऱ्या ठिकाणी.

हे नाम स्त्रीलिंगी आहे आणि त्याचे अनेकवचन ‘यावेस’ असे होते. स्पॅनिशमध्ये काही नामांचा अर्थ लिंगावरून बदलतो. उदाहरणार्थ ‘एल कापिताल’ म्हणजे भांडवल आणि ‘ला कापिताल’ म्हणजे राजधानी. ‘यावे’च्या बाबतीत ही सोय नाही, कारण तिचे सर्व अर्थ स्त्रीलिंगीच आहेत.

मराठी ‘चावी’चे नाते, आणि ते कुठे तुटते

मराठी वाचकाला या शब्दाकडे जाण्याची एक जवळची वाट उपलब्ध आहे. लॅटिनमधील ‘क्लाविस’ या शब्दापासून स्पॅनिशमध्ये ‘यावे’ झाला आणि पोर्तुगीजमध्ये ज्याचा उच्चार त्या काळी ‘चावे’ असा होत असे तो शब्द झाला. पोर्तुगीजांबरोबर तो कोकण किनाऱ्यावर आला आणि पाव, साबण, पगार यांच्याप्रमाणे मराठीत मुरला. आपली ‘चावी’ ती हीच. पुढे पोर्तुगालच्या प्रमाण भाषेत आरंभीच्या ‘च’चा ‘श’ झाला, मराठीने मात्र जुना ‘च’ राखला. लॅटिनच्या आरंभीच्या जोडाक्षरांचा हा बदल नियमित आहे: ‘हाक मारणे’ या अर्थाचा शब्द स्पॅनिशमध्ये ‘यामार’, तर पोर्तुगीजमध्ये ‘शामार’ असा आहे, आणि ‘भरलेला’ या अर्थाचे शब्द अनुक्रमे ‘येनो’ आणि ‘शेयो’ असे आहेत.

हे नाते केवळ ध्वनीपुरते नाही. नळाच्या चावीबद्दल आपणही बोलतोच, म्हणजे कुलपाच्या साधनाचे नाव पाण्याच्या साधनाला देणे मराठी माणसाला अपरिचित नाही. फिरवले असता काही तरी अडते किंवा मोकळे होते, ही कल्पना दोन्ही वस्तूंच्या मुळाशी आहे, आणि स्पॅनिशने तीच कल्पना पान्यापर्यंत आणि कुस्तीच्या आखाड्यापर्यंत नेली आहे.

तरीही या नात्यावर पूर्ण विसंबू नये. आपण घड्याळाला चावी देतो, पण स्पॅनिश माणूस घड्याळाला ‘क्वेर्दा’, म्हणजे दोरी, देतो. ‘दार क्वेर्दा’ असा तो प्रयोग आहे आणि तिथे ‘यावे’ चालत नाही. ‘यशाची गुरुकिल्ली’ म्हणताना आपल्या मनात जी किल्ली असते तिलाही स्पॅनिशमध्ये सहसा ‘क्लावे’ म्हणतात. हा ‘क्लावे’ त्याच लॅटिन शब्दापासून आलेला, परंतु विद्वानांच्या लेखणीतून उशिरा आल्यामुळे मूळ जोडाक्षर शाबूत राहिलेला शब्द आहे. ढोबळ भेद असा सांगता येईल की हाताने फिरवायची ती ‘यावे’ आणि डोक्याने उलगडायची ती ‘क्लावे’. सांकेतिक लिपी, संगीतलेखनाच्या आरंभीचे चिन्ह, रहस्याचा उलगडा आणि अनेक देशांत पासवर्ड, हे सर्व ‘क्लावे’च्या वाट्याला आले आहे.

क्रियापद काय सांगते

आता मूळ रीतीकडे वळू. ‘यावे’ला ‘पेर्देर’, म्हणजे हरवणे, किंवा ‘बुस्कार’, म्हणजे शोधणे, ही क्रियापदे लागली असतील, तर ती जवळजवळ नेहमीच किल्ली असते, कारण नळ हरवत नाही. ‘ला यावे गोतेआ’ असे वाक्य असेल, तर ‘गोतेआर’ म्हणजे थेंब थेंब गळणे, आणि गळतो तो नळच. ‘आप्रेतार’ म्हणजे आवळणे आणि ‘आफ्लोखार’ म्हणजे सैल करणे. ही क्रियापदे ‘त्वेर्का’, म्हणजे नट, या शब्दाबरोबर आली आणि ‘कोन ऊना यावे’ असे पुढे आले, की पाना हातात आहे हे निश्चित समजावे. ‘आसेर’, म्हणजे करणे, किंवा ‘आप्लिकार’, म्हणजे लागू करणे, या क्रियापदांनंतर ‘ऊना यावे’ आले आणि ज्याच्यावर ती केली तो माणूस वाक्यात असेल, तर ती कुस्तीतील पकड आहे.

‘आब्रीर’ आणि ‘सेर्रार’, म्हणजे उघडणे आणि बंद करणे, या क्रियापदांपाशी मात्र थांबून पाहावे लागते, कारण आरंभीच्या उदाहरणातील गोंधळ इथेच होतो. ‘यावे’ हे थेट कर्म असेल, तर उघडायची किंवा बंद करायची वस्तू म्हणजे नळ, वायूचा कॉक किंवा तत्सम काही असते. ‘कोन यावे’ असे असेल, तर ते कुलूप लावणे असते. ‘कोन’नंतर उपपद नसेल, तर कृतीच्या प्रकाराला महत्त्व असते, म्हणजे दार नुसते लोटू नये, कुलूपबंद करावे असे सांगायचे असते, ‘कोन ला यावे’ असे उपपदासह आले, तर विशिष्ट किल्लीचा निर्देश असतो. स्पेनमध्ये कुलूप लावण्यासाठी ‘एचार ला यावे’ असेही म्हणतात. इथे ‘यावे’ थेट कर्म असूनही किल्लीच राहते, परंतु ‘एचार’ हे क्रियापद वेगळे असल्याने घोटाळा होत नाही.

भूतकालवाचक विशेषणेही हेच काम करतात. ‘देखो ला यावे आबिएर्ता’ म्हणजे त्याने नळ उघडा ठेवला, कारण किल्ली उघडी असू शकत नाही. ‘देखो ला यावे पुएस्ता’ म्हणजे त्याने किल्ली कुलपातच ठेवली. याउलट ‘खिरार’, म्हणजे फिरवणे, हे क्रियापद काहीच निकाल देत नाही, कारण किल्ली, नळ आणि पाना या तिन्ही गोष्टी फिरवायच्याच असतात. अशा वेळी दुसऱ्या कसोटीकडे जावे.

‘दे’ नंतर काय येते

‘यावे’नंतर ‘दे’ आणि पुढे जागेचे किंवा वाहनाचे नाव उपपदासह आले, म्हणजे ‘दे ला कासा’, ‘देल कोचे’ (‘देल’ म्हणजे ‘दे’ आणि ‘एल’ हे उपपद) असे काही आले, तर ती त्या घराची किंवा गाडीची किल्ली असते. उपपदासह वाहणाऱ्या वस्तूचे नाव आले, तर अडवणारे साधन असते: ‘ला यावे देल गास’ म्हणजे वायूचा कॉक, आणि अर्जेंटिना व उरुग्वेमध्ये ‘ला यावे दे ला लूस’ म्हणजे दिव्याचे बटण. वीजही एक वाहणारी वस्तू आहे असे गृहीत धरले की हा प्रयोग विचित्र वाटत नाही. त्याच अर्जेंटिनात घरातील एमसीबीला ‘यावे तेर्मिका’ म्हणतात.

उपपद नसेल, तर बहुधा साधनाचा प्रकार सांगितलेला असतो. ‘यावे दे पासो’ म्हणजे पाणीपुरवठ्याचा मेन कॉक. हा शब्द स्पेनसह सर्वत्र चालतो, आणि प्लंबरने माद्रिदमधील घरात शिरताच ‘यावे’ कुठे आहे असे विचारले, तर तो दाराच्या किल्लीविषयी बोलत नसून याच कॉकविषयी बोलत असतो. ‘यावे दे तूबो’ म्हणजे नळीसारखा पाना, ‘यावे दे क्रूस’ म्हणजे गाडीच्या चाकाचे नट काढण्याचा फुलीच्या आकाराचा पाना. गॅरेजमध्ये ‘ला यावे देल त्रेसे’ असे ऐकू आले, तर तेरा नंबरचा पाना मागितला आहे हे आपल्याकडच्या कोणत्याही मेकॅनिकला न शिकवता कळेल.

विशेषण थेट जोडले जाते तेव्हाही प्रकारच कळतो. ‘यावे इंग्लेसा’ याचा शब्दशः अर्थ ‘इंग्लिश चावी’ असा होतो, पण ते तोंड कमीजास्त करता येणाऱ्या पान्याचे नाव आहे; अर्जेंटिनात त्यालाच ‘फ्रेंच’ ठरवून ‘यावे फ्रान्सेसा’ म्हणतात. ‘यावे माएस्त्रा’ म्हणजे अनेक कुलपांना चालणारी किल्ली, आणि ‘यावे आलेन’ म्हणजे आपल्या दुकानात ‘ॲलन की’ या नावाने मिळणारा षटकोनी दांडीचा पाना. स्क्रूड्रायव्हर मात्र या कुटुंबातील नाही: त्याला स्पेनमध्ये ‘देस्तोर्नियादोर’ आणि मेक्सिकोत ‘देसार्मादोर’ म्हणतात. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तोही ‘शावे’च्याच कुटुंबात मोडतो, म्हणून गोव्यात पोर्तुगीज शिकून नंतर स्पॅनिशकडे वळणाऱ्यांनी येथे सावध राहावे.

देशानुसार बदलणारा नळ

वरच्या दोन कसोट्या लावल्यावरही देशाचा विचार करावा लागतो तो मुख्यतः नळाच्या बाबतीत. मेक्सिको, कोलंबिया, चिली या देशांत नळाला ‘यावे’ म्हणतात आणि नळाच्या पाण्याला ‘आग्वा दे ला यावे’. स्पेनमध्ये नळासाठी ‘ग्रीफो’ हा शब्द आहे, पेरूमध्ये ‘कान्यो’, अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये ‘कानिया’, ज्याचा तिथला उच्चार ‘कानिशा’ असा होतो, आणि प्वेर्तो रिकोमध्ये ‘प्लूमा’, ज्याचा मूळ अर्थ पीस असा आहे. त्यामुळे माद्रिदमध्ये छापलेल्या पाठ्यपुस्तकावर शिकलेला विद्यार्थी मेक्सिकोला गेला, की हॉटेलच्या स्नानगृहातील सूचना त्याला किल्लीविषयीची वाटू शकते.

याबाबतीत कोशाचा उपयोग करायचा तर स्पॅनिश राजअकादमीचा कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो, आणि अकादमींच्या संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकेतील स्पॅनिश शब्दांचा स्वतंत्र कोशही आहे. अशा कोशांत एखादा अर्थ सर्वत्र चालत नसेल, तर त्याच्या आरंभी देशांच्या नावांची संक्षिप्त रूपे दिलेली असतात. बहुतेक विद्यार्थी ती नजरेआड करून थेट अर्थाकडे धावतात, आणि नळाच्या बाबतीत फसतात ते नेमके त्यामुळेच.

आखाडा, कंस आणि बादफेरी

कुस्तीतील अर्थ मेक्सिकोमुळे विशेष जिवंत राहिला आहे. तिथल्या ‘लूचा लिब्रे’ या मुखवटाधारी मल्लांच्या कुस्तीची सर्वांत जुनी संस्था १९३३ मध्ये स्थापन झाली आणि मेक्सिको सिटीतील ‘आरेना मेहिको’ हे तिचे प्रसिद्ध सभागृह १९५६ मध्ये उघडले. तिथे प्रतिस्पर्ध्याचा हात, पाय किंवा मान पिळून त्याला जखडून टाकणाऱ्या पकडीला ‘यावे’ म्हणतात, ती सोडवून उलट केलेल्या पकडीला ‘कोन्त्रायावे’ म्हणतात, आणि मल्ल एकामागून एक पकडी घालत राहिले की त्या देवघेवीला ‘यावेओ’ असे नाव आहे. मराठीत याचा अनुवाद ‘डाव’ असा सरसकट करू नये, कारण उचलून आपटणे हाही आपल्याकडे डावच असतो, परंतु तो ‘यावे’ नसतो. जखडण्याचा अर्थ असेल तिथेच हा शब्द येतो. ज्यूदोच्या वर्णनातही सांध्यांवरील पकडींसाठी तो वापरला जातो.

गणित आणि संगणकलेखन यांत ‘यावेस’ हे अनेकवचन आले, की ते महिरपी कंस असतात; साध्या कंसांना ‘पारेन्तेसिस’ आणि चौकोनी कंसांना ‘कोर्चेतेस’ म्हणतात. ‘एन्त्रे यावेस’ म्हणजे ‘महिरपी कंसांत’. लॅटिन अमेरिकेतील क्रीडापानांवर ‘यावे’ म्हणजे बादफेरीतील दोन संघांची जोडी किंवा त्यांच्यातील लढत असते, आणि फुटबॉलमध्ये ती अनेकदा दोन सामन्यांची असते. स्पर्धेच्या तक्त्यात दोन नावे जोडणारी महिरप आठवली, की हा अर्थ विसरत नाही. इथे मात्र ‘ला यावे एस्ता आबिएर्ता’ या वाक्याने नळ उघडा आहे असे समजू नये. पहिल्या सामन्यानंतर निकाल अजून कोणत्याही बाजूला झुकू शकतो, एवढेच बातमीदाराला म्हणायचे असते.

बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांसारख्या फुंकवाद्यांवरील कळांनाही ‘यावेस’ म्हणतात. पियानोच्या पट्ट्या आणि संगणकाच्या कीबोर्डवरील कळा मात्र ‘तेक्ला’ असतात. इंग्रजीच्या मध्यस्थीने स्पॅनिश शिकणारे अनेक जण या दोन ठिकाणी ‘यावे’ वापरतात, कारण इंग्रजीत या सर्वांसाठी ‘की’ हा एकच शब्द आहे. फ्लोरिडाजवळच्या ज्या लहान बेटांच्या इंग्रजी नावात तोच शब्द ऐकू येतो, तो तर स्पॅनिश ‘कायो’चा, म्हणजे सपाट वालुकामय बेटाचा, अपभ्रंश आहे आणि त्याचा किल्लीशी काही संबंध नाही.

लाक्षणिक प्रयोग आणि नवे अर्थ

ठरलेले वाक्प्रचार थोडे आहेत आणि ते तसेच लक्षात ठेवणे सोयीचे आहे. ‘बाखो यावे’ म्हणजे कुलूपबंद ठेवलेले, ‘बाखो सिएते यावेस’ म्हणजे सात कुलपांआड, अत्यंत गुप्त. ‘यावे एन मानो’ म्हणजे काम पूर्ण करून किल्ली हाती देण्याचा व्यवहार. आणि ‘आमा दे यावेस’ म्हणजे मोठ्या घराचा कारभार पाहणारी बाई, जिच्याकडे सर्व किल्ल्या असतात. भौगोलिक अर्थ क्युबाच्या इतिहासात सापडतो: १६३४ च्या एका शाही आदेशाने हवानाला ‘नव्या जगाची किल्ली’ हा किताब दिला, आणि क्युबाच्या राजचिन्हावर आजही समुद्रावर आडवी ठेवलेली सोनेरी किल्ली दिसते. कोलंबियात तर जवळच्या मित्रालाच ‘यावे’ अशी हाक मारतात. उपपदाशिवाय, स्वल्पविरामानंतर, वाक्याच्या शेवटी हा शब्द आला तर तो संबोधनाचा आहे हे ओळखावे.

सर्वांत नवा अर्थही कोलंबियातलाच आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेने २०२५ मध्ये ‘ब्रे-बे’ ही तत्काळ पैसे पाठवण्याची व्यवस्था सुरू केली; तीत खाते क्रमांकाऐवजी मोबाइल क्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक किंवा ई-मेल पत्ता नोंदवता येतो आणि या नोंदीला ‘यावे’ म्हणतात. आपल्या यूपीआय आयडीशी ती सहज ताडून पाहता येते. ब्राझीलच्या २०२० मधील ‘पिक्स’ व्यवस्थेत याच नोंदीला पोर्तुगीजमध्ये ‘शावे’ म्हणतात. बोगोतातील दुकानदाराने आपली ‘यावे’ सांगितली, तर ती लिहून घ्यायची असते आणि तीत गुप्त असे काही नसते. ‘क्लावे’ मात्र, म्हणजे पासवर्ड, कोणालाही सांगायची नसते. सरकारी सेवांसाठीची ओळख मेक्सिकोत ‘यावे’ या नावाने आणि स्पेन व चिलीमध्ये ‘क्लावे’ या नावाने रूढ झाल्यामुळे हा भेद तेवढ्यापुरता पुसट झाला आहे, हेही नमूद करायला हवे.

सर्व कसोट्या लावूनही काही वाक्ये संदिग्ध राहतातच. ‘पासामे ला यावे’, म्हणजे ‘ती यावे मला दे’, या वाक्यात क्रियापद निकाल देत नाही, ‘दे’चा विस्तारही नाही, आणि समोर मोटारीचे बॉनेट उघडे असेल तर गाडीची किल्ली आणि पाना या दोन्ही गोष्टी तितक्याच संभवतात. अशा वेळी स्पॅनिश मातृभाषा असलेला माणूसही विचारून घेतो. स्पेनमध्ये तो ‘के यावे?’ असे विचारील, तर लॅटिन अमेरिकेत बहुधा ‘क्वाल यावे?’ असे.